राजाचा कोरडा तळहात

एका राज्यात तट बांधायला कुणी कधी दगड रचला नव्हता, कारण चहूबाजूंनी समुद्र होता आणि तेवढा पुरे होता. ते राज्य म्हणजे एक बेट. एवढेसे, की राजाने सकाळी घोड्यावर मांड ठोकून फेरी धरली, तर न्याहारीला तो पुन्हा आपल्या पाटावर हजर. डोंगर एकच. गोड्या पाण्याच्या विहिरी मोजक्या. आणि बेटाला वेढून पोवळ्यांचा बांध, तांबडा, पिवळा, जांभळा. पोवळी जिवंत होती. त्यांच्या आडोशाने मासे राहत, माशांच्या आधाराने माणसे राहत, आणि मोठ्या लाटा बांधावर डोके आपटून मुकाट्याने परत जात.

एवढ्याशा जागेत राहायचे म्हणजे जपून राहावे लागते, आणि ते लोक जपून राहत. पावसाचे पाणी पन्हळींनी टाक्यात उतरवीत. नारळाची करवंटीसुद्धा फुकट घालवीत नसत. कासविणी अंडी घालायला वाळूवर येत त्या दिवसांत किनाऱ्यावरचे दिवे झाकून ठेवीत, म्हणजे बिचाऱ्यांची वाट चुकायला नको. आणि समुद्राचा एक तुकडा नेहमी राखणीला सोडीत. त्या पाण्याच्या तोंडाशी दोन बांबू रोवायचे आणि मध्ये हिरवी झावळी बांधायची, की पाणी मिटले. मग तिथे गळ नाही, जाळे नाही, बुडी नाही. झावळी वाळून आपली आपण गळून पडली, की पाणी उघडले. ती ओढायची नाही, कापायची नाही, तिला फुंकरसुद्धा घालायची नाही.

पण दूरदूरच्या मुलखांत त्या राज्याचे नाव होते ते पाहुण्यांच्या वचनामुळे. विहिरींना पेलतील तेवढेच पाहुणे तिथे उतरू शकत, बाकीच्यांनी गलबतात बसून वाट पाहायची. पाहुण्याने एक पाय पाण्यात आणि एक पाय वाळूत ठेवून उभे राहायचे. समोर काळ्या कातळावर राजकन्या शुक्तिमती बसलेली असे. राजाच्या थोरल्या लेकीचाच तो मान होता.

"कोण?" ती विचारी.

"पाहुणा."

"वचन दे."

मग पाहुणा उजवा तळहात पुढे करी आणि म्हणे, "लागेल तेवढेच घेईन. मिटलेले उघडणार नाही. आणलेले परत नेईन." राजकन्या त्याच्या तळहातावर समुद्राचे पाणी ओती. सगळे पाणी ओघळून जाई, एक थेंब राही. तो थेंब पुसून जात नसे, उन्हाने आटत नसे, माणूस कुठेही गेला तरी त्याच्याबरोबर जाई. वचन मोडले तर त्याचा मिठाचा खडा होई आणि जन्मभर तळहातात रुते. तिथे हे इतके रोजचे होते की कुणी त्याकडे मान वळवून पाहत नसे.

शुक्तिमती मोठी करारी. एका मोठ्या राजाचा वकील आंबे खाऊन कोयी वाळूत टाकून निघाला, तेव्हा तिने त्याला गलबतावरून खाली उतरवले आणि एकूण एक कोय त्याच्या रेशमी शेल्यात बांधून दिली. दर्याजी नाखवा तोंडात विडा धरून वचन पुटपुटला, तर तिने त्याला विडा थुंकून चूळ भरायला लावली.

"स्पष्ट बोला," ती म्हणाली.

नाखव्याने पुन्हा म्हटले.

"अजून स्पष्ट."

तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा कुठे त्याच्या हातावर पाणी पडले. बेटावरचे लोक पोट धरून हसले. पाहुण्यांना शिस्त लावण्यात त्या लोकांना भारी सुख वाटे, आणि खरे सांगायचे तर थोडी घमेंडही होती.

शुक्तिमतीचा बाप राजा प्रवाळसेन. न्यायी, मायाळू, आणि लेकीवर जीव ओवाळून टाकणारा. तिला गादीची वारस म्हणून मुकुट चढवायचा दिवस ठरला. सोनाराने चांदीचा मुकुट घडवला, पण मध्यभागी बसवावे असे रत्न काही राजाच्या मनास येईना. हिरे पाहिले, पाचू पाहिले. आणि मग त्याला थोरली शिंपली आठवली.

थोरली शिंपली राखणीच्या पाण्यात राहत असे. ती राज्याहून जुनी होती. तिच्या पोटात एक मोती होता, आणि बांधावरची सगळी पोवळी त्या मोत्याच्या उजेडावर रंग धरीत. राजा होडी वल्हवत तिथे गेला. बांबूवर एक कुरव पक्षी बसला होता. कुरव बोलत असे, मात्र गोड बोलणे त्याला जमत नसे.

"महाराज, झावळी हिरवी आहे," कुरव म्हणाला.

"दिसते मला."

"मग?"

"मग काय? मी का पाहुणा आहे?" असे म्हणून राजा झावळीखालून वाकून आत गेला आणि त्याने बुडी मारली. थोरली शिंपली आपल्या मिटल्या पाण्यात निर्धास्त उघडी पडली होती. त्याने मोती उचलला.

दुसऱ्या दिवशी काळ्या कातळापाशी सगळी प्रजा जमली. राजाने लेकीच्या मस्तकावर मुकुट ठेवला, आणि तो ठेवताक्षणी मोत्याचा उजेड मालवला. बांधाकडून कोळ्यांचा आकांत ऐकू आला. पोवळी पांढरी पडत चालली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चुना फासावा तशी. राजा त्या बाजूला धावायला गेला, तर पाऊल उचलेना. त्याच्या पायांची बोटे पांढरी झाली होती, मग पावले, मग घोटे. राजा जिथे उभा होता तिथेच वाळूत रुतून पोवळ्याचा दगड होत चालला होता.

समुद्रातून आवाज आला. आवाज म्हातारा होता आणि त्यात राग नव्हता, म्हणून तो जास्त भयंकर वाटला.

"माझे पाणी मिटलेले होते. ते ज्याने उघडले तो पायापासून मस्तकापर्यंत दगड होईल. तो पुरता दगड झाला की बांध मरेल. बांध मेला की बेट लाटांचे."

शुक्तिमतीने मुकुट काढू पाहिला. तो निघेना. मोती शिळेसारखा जड झाला होता आणि तिची मान वाकू लागली होती. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडली, भरपूर रडली. मग डोळे पुसून तिने वल्ही मागितली.

"आबा, मी मोती परत ठेवून येते. तोवर धीर धरा."

"मी कुठे जाणार आहे?" राजा म्हणाला. चेष्टा करायची त्याची खोड दगड होतानाही गेली नव्हती.

ती झावळीपाशी होडी नेऊन थांबली आणि तिथूनच तिने थोरल्या शिंपलीला हाक मारली. "माय, मोती आणला आहे. उघड."

"मी निर्धास्त होते, म्हणून उघडी होते," पाण्याखालून उत्तर आले. "आता वचनाशिवाय उघडणार नाही. लवणनाथाला विचार. हे वचन त्याने बांधले आहे."

"लवणनाथ कुठे राहतो?"

"मला ठाऊक आहे," बांबूवरून कुरव म्हणाला. "चल. माझी पिल्लेही त्याच बांधाच्या जिवावर आहेत, नाहीतर तुझ्यासाठी कोण एवढे उडतो!"

कुरव पुढे उडाला आणि राजकन्या मागून वल्हवत गेली. जिथे तीन प्रवाह एकमेकांना भिडतात तिथे पाण्यातून मिठाचा खांब वर आला होता. खांब आतून पोकळ होता आणि त्यात लवणनाथ मांत्रिक बसला होता. त्याच्या भुवयांवर मीठ साचले होते, दाढीतून खारे पाणी ठिबकत होते. राजकन्येने हात जोडले आणि सारे सांगितले.

"शिंपली उघडायला तीन माणसे लागतील," लवणनाथ म्हणाला. "एक, ज्याने भुकेत वचन पाळले. दुसरे, ज्याने कुणी पाहत नसताना पाळले. तिसरे, ज्याने मोडले."

"मोडलेल्याचे काय काम?"

"जे मोडले नाही ते सांधणार कसे?"

शुक्तिमतीने मनाशी विचार केला, तिसरे माणूस तर घरीच आहे, पहिल्या दोघांना शोधले की झाले. ती हात जोडून वळली तेव्हा लवणनाथ हसला आणि त्याच्या भुवयांवरचे मीठ खाली सांडले. तो का हसला, हे तिने विचारले नाही. तिला घाई होती.

कुरव आभाळात उंच चढला. ज्यांनी वचन पाळले होते त्यांच्या तळहातावरचे थेंब त्याला वरून लुकलुकताना दिसत. काही थेंब नुसते चमकत होते. एक मात्र जळत होता.

"वाळूच्या दांड्यावर," तो खाली येऊन म्हणाला. "वल्हव."

त्या राज्याच्याच समुद्रात तो दांडा होता. झाड नाही, सावली नाही, गोडे पाणी नाही. पलीकडे एका गलबताची मोडकी डोलकाठी पडली होती. वाळूत कासविणीने अंडी पुरली होती आणि त्या जागेवर कुणीतरी पूर्वी हिरवी झावळी बांधून ठेवली होती. झावळीच्या शेजारी, हाडांचा सापळा राहिलेला एक माणूस बसला होता. राजकन्येने त्याला ओळखले. तो दर्याजी नाखवा होता.

"नाखवा! किती दिवस आहात इथे?"

"मोजायचं सोडलं, बाईसाहेब. वादळानं गलबत फोडलं, माणसं दुसऱ्या गलबतानं उचलली, मी राहिलो. पावसाचं पाणी प्यालो, शेवाळ खाल्लं."

"आणि अंडी? अंडी तर हाताशी होती."

"होती ना. पण झावळी हिरवी होती." नाखव्याचे ओठ फाटले होते, तरी तो हसला. "भूक रात्रंदिवस कानाशी बोलत बसायची. मी तिला म्हणायचो, स्पष्ट बोल. अजून स्पष्ट. तेवढ्यात दिवस जायचा."

शुक्तिमतीचा चेहरा उतरला. ज्या माणसाला तिने चार लोकांत चूळ भरायला लावली होती, त्याच्यासमोर ती वाळूत गुडघे टेकून बसली आणि आपल्या शिदोरीतला भात तिने स्वतःच्या हाताने त्याला भरवला. त्याचा शेवटचा घास तोंडात असताना झावळी गळून पडली. वाळू हलली, आणि कासवाची पिल्ले एकामागून एक बाहेर पडून समुद्राकडे निघाली. नाखवा त्यांच्याकडे बघत राहिला आणि घळाघळा रडला. मग तो उठून होडीत बसला आणि म्हणाला, "एक वल्हं इकडं द्या."

मोती आणखी जड झाला होता. राजकन्येची हनुवटी छातीला टेकू लागली होती. तरी दोघांनी वल्हवत पैलतीर गाठला. तिथे एक बाजाराचे गाव होते, आणि कुरवाने पुन्हा उंच चढून तिथल्या चिंचेखाली दुसरा थेंब जळताना पाहिला होता.

चिंचेखाली एक म्हातारी कासारीण बांगड्यांची टोपली मांडून बसली होती. तिचे नाव बयजा. कधीकाळी ती बांगड्या भरायला बेटावर येऊन गेली होती, आणि तिने फुटलेल्या बांगड्यांचा कणनकण वेचून परत नेला होता. तेवढे राजकन्येला आठवत होते. पण ते तर सगळ्यांच्या देखत झाले होते.

"आजी, कुणी पाहत नसताना तुम्ही काय केलेत?"

"मी? काही नाही ग बाई."

"तुमच्या हातावरचा थेंब खोटे बोलत नाही. माझ्या बापाच्या जिवाचा प्रश्न आहे. सांगा."

बयजा संकोचली. काचेचे तुकडे नखाने बाजूला सारत म्हणाली, "तुमच्या बेटावरून घरी आले, टोपली उपसली, तर तळाशी एक शंख. मला वाटलं रिकामा असेल. तर त्यातून खेकड्याचं पिल्लू डोकावलं. ते काही मला लागत नव्हतं. मग परत घेऊन गेले."

"पण तुम्ही पुन्हा आल्याचे मला आठवत नाही."

"वादळाचे दिवस होते. होडीवाले येईनात, एकाच्या हातापाया पडले तेव्हा निघाला. तुमच्या बांधाशी होडी थांबवली, शंख पाण्यात सोडला आणि माघारी फिरले."

"एवढ्या दूर येऊन किनाऱ्यावर उतरला नाहीत?"

"तुमच्या विहिरींना पेलतील तेवढेच पाहुणे, असं तूच सांगितलं होतंस ना? मला खेकडा सोडायचा होता, पाहुणचार नको होता."

राजकन्येने हात जोडून तिला बेटावर चलायची विनंती केली. बयजाने गुडघ्यावर हात ठेवून उठत विचारले, "येते मी. पण माझी टोपली कोण उचलणार?"

"मी," शुक्तिमती म्हणाली, आणि तिने टोपली मुकुटावर चढवली. आधीच वाकलेली मान, तीवर शिळेसारखा मोती, त्यावर बांगड्यांची टोपली. बाजारातली माणसे बघत राहिली. ती थांबली नाही, कुठे टेकलीही नाही. किनाऱ्यापर्यंत एकही बांगडी वाजू न देता ती चालत गेली.

होडी बेटाला लागली तेव्हा बांध हाडासारखा पांढरा झाला होता आणि पहिल्या मोठ्या लाटा त्यावरून आत येऊ लागल्या होत्या. राजा काळ्या कातळापाशी तसाच उभा होता. दगड त्याच्या छातीपर्यंत चढला होता. हात आणि मान तेवढी मोकळी होती. सगळी प्रजा त्याच्याभोवती बसून होती.

शुक्तिमती होडीतून उडी टाकून धावली. "आबा, दोघे मिळाले. तिसरे तुम्ही. तुमचा हात दाखवा. वचन मोडल्याचा खडा असेल त्यात."

राजाने उजवा हात पुढे केला. तळहात कोरडा होता. ना थेंब, ना खडा.

तिने दुसरा हात पाहिला. तोही कोरडा. तिला काही समजेना. "आबा, तुम्ही कोणते वचन मोडलेत?"

"मी?" राजा गोंधळला. "मी कधी वचन दिले? वचन पाहुण्यांनी द्यायचे असते."

तेव्हा शुक्तिमतीने आपला तळहात पाहिला. हजारो हातांवर पाणी ओतून तिचा हात नेहमी ओला असे, म्हणून तिला ते कधी दिसले नव्हते. आता तो वाळला होता, आणि त्यात काहीच नव्हते. तिने शेजारच्या कोळ्याचा हात उलटा करून पाहिला, त्याच्या बायकोचा पाहिला, सोनाराचा पाहिला. सगळे हात कोरडे. त्या बेटावर जन्मलेल्या एकाही माणसाच्या हातावर थेंब नव्हता. पिढ्यान् पिढ्या त्यांनी साऱ्या जगाकडून वचन घेतले होते आणि स्वतः दिले नव्हते. कुणाच्या ते ध्यानातच आले नव्हते.

तिला लवणनाथाचे हसणे आठवले. लाजेने तिचे कान तापले. पण लाजत बसायला सवड नव्हती, दगड राजाच्या खांद्याकडे सरकत होता.

"सगळ्यांनी होड्यांत बसा," ती ओरडली. "लहानथोर, दुखणाईत, सगळे. महाराजांना वाळू उकरून काढा आणि तराफ्यावर घ्या. बांधाबाहेर जायचे आहे."

"बेट सोडून पळायचे?" राजाने विचारले.

"नाही, आबा. बेटावर उतरायचे. आपण आजवर इथे उतरलोच नाही, नुसते जन्मलो."

वाळू उकरून, बांबूंच्या तरफा लावून, शंभर हातांनी राजाला तराफ्यावर चढवले. होड्या निघाल्या. किनारा रिकामा झाला. मागे राहिली दोनच माणसे, कारण ती आधीच पाहुणी होती आणि त्यांचे वचन साबूत होते. काळ्या कातळावर बयजा कासारीण बसली, तिच्याशेजारी दर्याजी नाखवा उभा राहिला, आणि कातळाच्या टोकावर कुरव येऊन बसला.

बांधाबाहेर होड्या वळल्या आणि परत आल्या. सर्वांत पुढे राजकन्या उतरली. एक पाय पाण्यात, एक पाय वाळूत.

"कोण?" बयजाने विचारले.

शुक्तिमतीचा आवाज थरथरला. "पाहुणी."

"वचन दे."

"लागेल तेवढेच घेईन. मिटलेले उघडणार नाही..."

"स्पष्ट बोला, बाईसाहेब," नाखवा म्हणाला. त्याचे डोळे मिश्कील झाले होते, पण आवाजात खोट नव्हती.

तिने पहिल्यापासून म्हटले, मोठ्याने, बांधापर्यंत ऐकू जाईल असे. बयजाने पाणी ओतले. पाणी ओघळून गेले आणि एक थेंब राहिला. तो इतका गार होता की शुक्तिमतीच्या अंगावर काटा आला.

मग तराफा पुढे आला. राजा आडवा होता, त्याला उभे केले. एक पांढरा पाय पाण्यात, एक वाळूत. दगड गळ्याशी आला होता, उजवा हात तेवढा कोपरापासून मोकळा होता.

"कोण?" बयजाने विचारले.

त्याच्या पणज्याच्या पणज्याने इथला पहिला माड लावला होता. इथल्या प्रत्येक विहिरीला त्याच्या घराण्याचे नाव होते. समोर बांगड्या विकणारी म्हातारी बसली होती आणि तिच्यापुढे त्याने आपल्याच वाळूत पाहुणा म्हणवून घ्यायचे होते. त्याचे ओठ हलले आणि मिटले. दगड हनुवटीला लागला.

"आबा," शुक्तिमती म्हणाली, "तुम्ही मला इथे बसवलेत तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही म्हणालात, कितीही मोठा माणूस असो, त्याला विचारल्याशिवाय सोडायचे नाही. मी कुणाला सोडले नाही. तुम्हालाही सोडणार नाही. विचारा, आजी."

"कोण?" बयजाने पुन्हा विचारले.

राजाने डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी आले. "पाहुणा," तो म्हणाला.

त्याने वचन दिले. शेवटचा शब्द निघाला तेव्हा खालचा ओठ पांढरा होऊ लागला होता. बयजाने घाईने पाणी ओतले. तळहातावर थेंब थांबला, आणि पाहता पाहता गोठला. चोरलेला मोती अजून लेकीच्या कपाळावर होता, म्हणून ते वचन देताक्षणी मोडले. मिठाचा टपोरा खडा राजाच्या तळहातात रुतला आणि तो कळवळला.

"हा तिसरा!" कुरव ओरडला. "उचला तराफा!"

तराफा, होडी, होडीमागे होड्या, सगळे राखणीच्या पाण्याकडे सुटले. झावळीशी येऊन थांबले, तिला कुणी हात लावला नाही. राजकन्येने नाखव्याचा हात धरला, बयजाचा धरला, आणि बापाचा खड्याचा हात पाण्यावर टेकवला.

"माय, भुकेत पाळलेले वचन आणले आहे. कुणी न पाहता पाळलेले आणले आहे. आणि हे मोडलेले. उघड."

पाणी हलले. खोलवर थोरली शिंपली उघडली. मुकुटातला मोती आपण होऊन सुटला, झावळीखालून पाण्यात घरंगळला आणि आपल्या जागी जाऊन बसला. शिंपली मिटली. राजकन्येची मान ताठ झाली. आणि बांधावर एक तांबडा ठिपका उमटला, मग पिवळा, मग जांभळा, आणि रंग धावत सुटला तो बेटाला प्रदक्षिणा घालूनच थांबला. बाहेरच्या लाटेने बांधावर डोके आपटले आणि ती मुकाट्याने परत गेली.

राजाच्या अंगावरून दगडाचे पापुद्रे गळून पडले. तळहातातला खडा विरघळला आणि पुन्हा थेंब झाला. डाव्या पायाची दोन बोटे मात्र पांढरीच राहिली. वैद्य म्हणाले, औषध करू. राजा म्हणाला, नको, असू दे. पुढे तो जन्मभर किंचित लंगडत चालला आणि कुणी कारण विचारले तर लपवीत नसे.

त्या दिवशी सगळी प्रजा एकेक करून किनाऱ्यावर उतरली आणि बयजा कासारणीचा हात पाणी ओतून ओतून दुखला. शुक्तिमती पुढे राणी झाली. तिच्या मुकुटात मध्यभागी आजही जागा रिकामी आहे. बेटावर मूल चालायला-बोलायला लागले की त्याला होडीत घालून बांधाबाहेर नेतात, परत आणतात, आणि एक पाय पाण्यात, एक पाय वाळूत उभे करून विचारतात.

आणि म्हातारा प्रवाळसेन मासे घेऊन संध्याकाळी परतला, की काळ्या कातळावरून राणी त्याला हटकते.

"कोण?"

"तुझा बाप."

"स्पष्ट बोला."

म्हातारा माशांची पाटी खाली ठेवतो, ओला तळहात वर करून दाखवतो आणि म्हणतो, "पाहुणा, राणीसाहेब. पाहुणा."

मग ती त्याला उतरू देते. जशी त्याला दिली तशी वाट साऱ्यांना मिळो, आणि कथा सांगणाऱ्याला बांधावरची वारा खात बसायची जागा मिळो.